टोपी, रुमाल आणि तेता

परवा इथं व्हर्जिनियात, हर्नडनच्या एका दुकानात बायकोनं एक कुर्ता उचलला आणि रंग, माप, किंमत यांतलं काहीही न बघता तो आधी उलटा केला. आतली बाजू बघून नाक मुरडलं आणि परत अडकवून ठेवला. दुकानातली मुलगी बघतच राहिली. मी म्हटलं, "तेता अंगात आली वाटतं."

"बघ ना, आत सगळे धागे लोंबतायत. टोटली मशीनचं काम आहे. तेतानं दुकान बंद करायला लावलं असतं."

तेता म्हणजे आम्ही पूर्वी मिशिगनमध्ये होतो तेव्हाची, ट्रॉयची आमची घरमालकीण. एकाच छपराखाली दोन घरं आणि मध्ये एक भिंत. भिंतीच्या अलीकडे आम्ही भाडेकरू, पलीकडे ती. नवरा मोटारीच्या कारखान्यात राबून राबून गेलेला. ती स्वतः क्रोएशियाच्या अगदी दक्षिणेकडच्या एका खोऱ्यातली. त्या गावाचं नाव मला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही आणि माझं नाव तिला. त्यामुळे हिशेब मिटला होता.

राहायला आलो त्या दिवशी बायकोनं आपल्या सवयीनं तिला "आजी" म्हटलं. तिनं अर्थ विचारला. कळल्यावर म्हणाली, "आजी व्हायला आधी नात लागते. माझ्याकडे नाही. तेता म्हण." तेता म्हणजे त्यांच्याकडे मावशी, आत्या आणि गावातली कुठलीही वडीलधारी बाई. आपल्यासारखंच. मग ती आमची तेताच झाली.

तिचं इंग्रजी तुटक होतं. पन्नासएक वर्षं अमेरिकेत काढूनही तिनं त्या भाषेला घरात फक्त पाहुणी म्हणून ठेवलं होतं. वाक्यं चार शब्दांची, पण त्या चार शब्दांत समोरच्याला आडवं करायची ताकद होती.

कुठलंही कापड दिसलं की ते उलटं करून बघायचं, ही तिची पहिली खोड. दाराशी आलेल्या पाहुण्याच्या कोटाची बाहीसुद्धा ती हॅलो म्हणता म्हणता उलटी करायची. "पुढची बाजू लोकांसाठी. मागची खरी," असं तिचं म्हणणं. एका दिवाळीला बायको आईची पैठणी नेसून फराळाचं ताट घेऊन तिच्याकडे गेली. तेतानं चकलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पदर हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला, परत उलटा केला. दोन्हीकडे मोर तसाच. खिडकीपाशी नेऊन पाहिलं, तरी तसाच. बायको बिचारी पदराच्या मागे मागे फरपटत घरभर फिरली. शेवटी तेता खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ज्यानं हे केलं, तो फार हुशार. कुठून सुरुवात केली ते कळूच देत नाही." मग तिनं एक चकली मोडली आणि तीही उलटी करून पाहिली. ही तेवढी माझी भर. पण तिनं तसं केलं असतं तर मला नवल वाटलं नसतं.

दुसरी खोड डोक्याची. तिच्या खोऱ्यात बायकांच्या सणाच्या पोशाखात डोक्यावर काय आहे, यावरून सगळं कळतं. लग्न न झालेलीच्या डोक्यावर छोटी गोल लाल टोपी. लग्न झालेलीच्या डोक्यावर खळ घालून ताठ केलेला भलामोठा पांढरा रुमाल. यात अधलंमधलं काही नाही. "आधी डोकं बघ, मग बोल," हे ती इतक्या सहज म्हणायची की जणू काही जगभर असंच चालतं. मंगळसूत्राचं तिला कुणीतरी सांगितलं होतं. एकदा तिनं बायकोच्या मोकळ्या गळ्याकडे बोट दाखवलं.

"कुठे आहे?"

"तेता, ऑफिसला नाही घालत मी. लॉकरमध्ये ठेवलंय."

"आणि नवरा? तोही लॉकरमध्ये?"

नवरा शेजारीच उभा होता. दोघींपैकी कुणालाही त्याचं मत नको होतं.

हिवाळ्यात बर्फ पडलं की लोक फावडी काढतात. तेता कपाटातून कापड काढायची. ताग्यातून कापलेलं कोरं लिननचं कापड ती पुढच्या अंगणातल्या बर्फावर पसरून ठेवायची, चारी कोपऱ्यांवर बटाटे ठेवून. बर्फावर ऊन पडलं की कापड पांढरंशुभ्र होतं, असं तिच्या आईनं सांगितलं होतं. पहिल्या वर्षी पोस्टमननं भला माणूस म्हणून ते कापड उचलून, झटकून, घडी करून दारात ठेवलं, बटाट्यांसकट. तेता त्याच्याशी पुढे पूर्ण हिवाळा बोलली नाही.

हे कापड होतं सदऱ्यासाठी. त्यांच्याकडे बायकांचा पांढरा सदरा असतो आणि गळ्याच्या चिरेच्या दोन्ही अंगांना, छातीवर, रेशमाच्या दाट भरतकामाच्या दोन पट्ट्या असतात. काळ्या धाग्यानं आधी आखणी, मग आत तांबडा, हिरवा, सोनेरी. नक्षी कागदावर काढायची नाही, कापडावर छापायची नाही. कापडाचेच उभे-आडवे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. एक धागा चुकला की पुढचं सगळं चुकलं. पट्ट्या वेगळ्या करून सदऱ्यावर शिवतात. सदरा विरला की पट्ट्या उसवून नव्या सदऱ्यावर लावायच्या. आईच्या पट्ट्या मुलीच्या अंगावर, तिच्यानंतर नातीच्या. रेशीमही पूर्वी घरचंच असायचं. तेताची आजी रेशमाच्या किड्यांची अंडी फडक्यात बांधून छातीशी धरून उबवायची. हे ऐकल्यावर माझी बायको "ईऽऽ" करून दोन पावलं मागे सरकली. तेता म्हणाली, "तुमचा मोर कुठून आला वाटतं? त्याचंही रेशीम किड्याचंच."

या कामात मी कसा ओढला गेलो, तर सुईमुळे. मी मूळचा सांगलीचा. आई घरी साड्यांना फॉल लावून द्यायची आणि सुया ओवायचं खातं माझ्याकडे होतं. एकदा मी तिचे दुधाचे कॅन आत ठेवायला गेलो, तर तेता खिडकीशी बसून सुईशी झटापट करत होती. मी सुई घेतली आणि पहिल्या फटक्यात ओवून दिली. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण सरळ नाही. मान तिरकी करून, दाणे टिपताना कोंबडी बघते तसं.

तिचे डोळे जात होते. डोळ्याच्या पडद्याचा आजार. मधलं पुसट होत जातं आणि कडेचं दिसत राहतं. समोरच्याकडे सरळ पाहिलं की त्याच्या चेहऱ्याच्या जागी धुकं. मान तिरकी केली की मग तो कडेनं सापडतो. डॉक्टर डोळ्यात इंजेक्शनं देत होते, पण त्यांनी आशा काही दिली नव्हती.

"तू काय काम करतोस?" तिनं विचारलं.

मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. टेस्टर आहे. हे तिला समजावता समजावता माझी दमछाक झाली. तिनं एवढाच अर्थ काढला की या माणसाला मोजता येतं आणि याला घरी बसून पगार मिळतो. दुसऱ्या दिवसापासून खिडकीत ऊन आलं की मला बोलवायला भिंतीवर लाकडी डाव ठोकला जाऊ लागला. तेता दिव्याच्या उजेडात टाका घालत नसे. दिवा रंग खोटे दाखवतो म्हणे. त्यामुळे सूर्याचं आणि माझ्या मीटिंगांचं वेळापत्रक एकमेकांवर आपटायचं. मी कानात मीटिंग लावून भिंतीपलीकडे जाऊन बसायचो आणि कापडाचे धागे मोजून सांगायचो. तीन सोड, दोन घे, तीन सोड. एकदा माइक बंद करायचा राहिला आणि आमच्या मॅनेजरनं विचारलं की हे कोणत्या तिघांना सोडायचं चाललंय, आपल्या टीममधल्यांना का.

हे सगळं कुणासाठी, तर मुलीसाठी. तेताची एकुलती एक मुलगी, पन्नाशी ओलांडलेली, दवाखान्यात नर्स. लग्न केलेलं नाही. करावंसं वाटलं नाही म्हणून नाही केलं, इतकं साधं. दर रविवारी आईकडे यायची, सामान आणायची, औषधं लावून ठेवायची, सूप प्यायची आणि जायची. चर्चच्या हॉलमध्ये ती लहान पोरींना त्यांचे गोलातले नाच शिकवायची. पण स्वतः पोशाख घालत नसे. आईच्या खिडकीशी पडलेल्या भरतकामाकडे बघतही नसे, इतकं की त्या खुर्चीला वळसा घालून जायची.

कारण मला तिनंच एकदा ड्राइव्हवेत बर्फ खरवडता खरवडता सांगितलं. काही वर्षांपूर्वी त्यांच्या लोकांचा मेळावा होता. स्टेजवर नाच. हिची चाळिशी उलटलेली. लाल टोप्या घातलेल्या पोरी सोळा-सतरा वर्षांच्या. त्यांच्या रांगेत उभं राहायची हिला लाज वाटली. म्हणून ही पांढरा रुमाल बांधून मोठ्या बायकांच्या रांगेत नाचली. तेता पहिल्या रांगेत होती. उठली. दुखऱ्या गुडघ्यांनी पायऱ्या चढून स्टेजवर गेली. वाजवणारे वाजवतच राहिले, कुणाला काही सुचेना. तेतानं मुलीच्या डोक्यावरच्या टाचण्या एकेक करून काढल्या, तोंडात धरल्या, रुमाल काढला, तिथंच नीट घडी केली आणि खाली उतरून जागेवर बसली.

"ओढून काढला असता तर मी माफ केलं असतं," मुलगी म्हणाली. "राग आला असता माणसाला, समजू शकते. पण तिनं घडी केली."

माझ्या मनात आलं, आपल्याकडच्या हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं नि कुणाला नाही, हे ठरवणाऱ्या बायका मी कमी पाहिल्यात का. त्याही फार प्रेमळ असतात आणि लाडू उत्तम करतात.

त्या दिवसानंतर मुलीनं पोशाख अंगाला लावला नाही. आणि तेताला आता एकच हवं होतं: नव्या पट्ट्या पुऱ्या करायच्या आणि मुलीच्या अंगावर तो सदरा एकदा बघायचा, डोळे आहेत तोवर. मला ते तिनं अनेकदा सांगितलं. मुलीला मात्र एकदाच सांगितलं आणि तेही असं, "सदरा होत आलाय. लाल टोपी कपाटात आहे." मुलगी म्हणाली, "मॉम, डोक्यावर काय घालायचं ते मी ठरवणार असले तर घालते." तेता म्हणाली, "ते कुणीच ठरवत नाही. ते असतं." दोघीही एकाच मातीच्या. सूप निवत राहिलं.

आता माझा पराक्रम. हिवाळा सरत आला होता. उजवी पट्टी पूर्ण, डावी अर्ध्याच्या वर गेलेली. मी दोन्ही पट्ट्या खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरून बघत होतो. डावीकडची चौथी ओळ एका धाग्यानं सरकलेली होती आणि तिच्यावरचं सगळं काम तिच्याबरोबर सरकलं होतं. मी मोजायला नव्हतो त्या दिवशीचं काम असणार. नुसत्या डोळ्यांना ते कुणालाही दिसलं नसतं. मला दिसलं, आणि मी सांगितलं. दिसलेली चूक सांगायची नाही, हे मला कधी जमलेलंच नाही. माझं पोट त्याच्यावर चालतं.

तेतानं पट्टी हातात घेतली आणि नखानं ओळ चाचपली. मग म्हणाली, "छोटी कात्री दे."

घरी येऊन सांगितलं तेव्हा बायकोनं कपाळावर हात मारला. "अरे यार, मायनर बग होता ना? शिप करून टाकायचं. त्यांच्याकडे टाइम आहे का तेवढा?"

मुलीनं त्या रविवारी मला ड्राइव्हवेतच गाठलं. आवाज चढवला नाही. "वसंतापर्यंत तिला दिसेल असं डॉक्टर म्हणाले होते. आता ती उसवत बसलीय. तू तुझ्या कामात चांगला आहेस, अभिनंदन." मला खरोखर वाईट वाटलं. पण तेताची बाजू घ्यावीशीही वाटली. चुकलेली पट्टी तिनं मुलीच्या अंगावर चढवलीच नसती. हे मी बोललो नाही, कारण मुलीच्या हातात फावडं होतं.

त्यानंतर काही दिवस डाव ठोकला गेला. मग एका सकाळी ऊन आलं आणि भिंत गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. मी जाऊन पाहिलं तर तेता टेबलाशी बसून बटाटे सोलत होती. एका माणसाला लागतील त्याच्या चौपट बटाटे.

"पट्टी?" मी विचारलं.

तिनं ड्रॉवरकडे मान हलवली. उसवताना कात्री धाग्याऐवजी कापडावर चालली होती. चौथ्या ओळीखाली करंगळीच्या नखाएवढं भोक. "संपलं," ती म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि बटाट्याला कांद्याचं निमित्तही सांगता येत नव्हतं.

रविवारी मुलीची गाडी आली तशी मी बाहेर जाऊन तिला भोकाचं सांगितलं. एकदा ओरडा खाल्लेला माणूस पुन्हा तोंड उघडायला घाबरतो, पण सांगितलं. ती ऐकून आत गेली, मीही मागोमाग गेलो. तिनं ड्रॉवर उघडला, पट्टी काढली, उलटी केली आणि मागची बाजू बघत उभी राहिली. मग खिडकीशी, त्या इतकी वर्षं वळसा घातलेल्या खुर्चीत, अंगातला कोटही न काढता बसली. कापडाच्या कडेचे लिननचे धागे तिनं ओढून काढले आणि भोकावर एकाआड एक विणायला लागली. हात शिकलेले होते. लहानपणी आईनंच शिकवले असणार. ते ती विसरली नव्हती, नुसती वापरत नव्हती.

तेता बटाटे बाजूला ठेवून कान देऊन ऐकत होती. सुई कापडातून जाताना आवाज होतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"चौथी ओळ डावीकडून," तेता म्हणाली.

"माहितीये."

"काळा आधी."

"मॉम. माहितीये."

मला कुणी जा म्हटलं नाही, पण माझी नोकरी गेली हे मला समजलं. मी निघालो तेव्हा मुलगी दारापर्यंत आली. म्हणाली, "गैरसमज करून घेऊ नकोस. ती काम अर्धं टाकून बसलीय हे मला बघवत नाही, एवढंच. टोपीचं वेगळं आहे. टोपी मी घालणार नाही." मी म्हटलं, "मी कुठे काय म्हटलं?"

ती रविवारी यायची, ती मग आठवड्यात मधेही यायला लागली, ड्यूटी संपवून, उजेड असेतो. भिंतीपलीकडून आम्हाला त्यांच्या भाषेतले आकडे ऐकू यायचे. आकड्यांपलीकडे दोघी फारसं काही बोलत नव्हत्या. बायको म्हणायची, "अॅटलीस्ट काउंटिंग तरी करतायत."

अंगणातलं बर्फ गेलं, गवत दिसायला लागलं, तेव्हा एका रविवारी भिंतीवर डाव वाजला. आम्ही दोघं गेलो. तेता स्वयंपाकघरात पांढरा एप्रन बांधून उभी होती, पाहुणे येणार असल्यासारखी. सूप शिजत होतं. आतल्या खोलीचं दार बंद होतं.

दार उघडलं आणि मुलगी बाहेर आली. अंगात तो सदरा. छातीवर दोन्ही पट्ट्या, दाट, तांबड्या-हिरव्या, मधून मधून सोनेरी. आणि डोक्यावर, पिकलेल्या केसांवर, छोटी गोल लाल टोपी. बायकोनं माझं कोपर धरलं. मुलीनं आमच्याकडे एकदा पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मस्करीचं काही नव्हतं. ती आईसमोर जाऊन उभी राहिली, तपासून घ्यायला उभी राहतात तशी.

तेतानं मान तिरकी केली. अगदी जवळ गेली. उजवी पट्टी पाहिली, मग डावी. चौथ्या ओळीवरून बोट फिरवलं, जिथं भोक होतं तिथं थांबलं, पुढे गेलं. सदऱ्याचा काठ उलटा करून मागची बाजू पाहिली. तोंडानं काही पुटपुटली, ते आम्हाला कळलं नाही. मुलीला कळलं असावं, कारण तिनं ओठ आवळले. तेताचं बोट पट्टीवरून वर सरकत गेलं, गळ्यापर्यंत आलं आणि तिथं थांबलं. मग तिनं हात खाली घेतला आणि मान सरळ केली.

मान सरळ केली म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. समोर आता तिला धुकंच दिसत होतं.

"मॉम," मुलगी म्हणाली, "वर बघ ना."

"नाही. माझं काम गळ्यापर्यंत."

"मॉम, एकदा बघ."

"डोकं तुझं," तेता म्हणाली. "मला विचारायचं नाही आता."

डोक्यावर लाल टोपी आहे, हे सांगून टाकावं असं मला फार वाटलं. बायकोनं कोपर सोडलं नव्हतं. मुलीनं आईच्या पाठीवर हात ठेवून तिला टेबलाशी बसवलं. आम्ही चौघं सूप प्यालो. बोलणं झालं ते ट्रॉयमधल्या खड्ड्यांचं आणि नव्या दुकानाचं. मुलीच्या सूपच्या वाडग्यावर लाल टोपीची सावली पडत होती आणि तेता समोर मान ताठ ठेवून बसली होती, अवघडून जाईल इतकी ताठ. एकदाही तिनं ती कलती केली नाही.

जेवण झाल्यावर मुलीनं आत जाऊन सदरा उतरवला, घडी करून कपाटात ठेवला आणि नेहमीचं जॅकेट घालून बाहेर आली. टोपी काढली नव्हती. आईच्या गालाला गाल लावला, आम्हाला बाय केलं, गाडीत बसली आणि तशीच, टोपी डोक्यावर ठेवूनच, गाडी मागे घेतली.

तेता दारात उभी होती. गाडी वळून रस्त्याला लागली, तेव्हा तिनं मान तिरकी केली.